सोसायटी संगणकावर आली तेव्हा

आमच्याकडे खेड्यात नुसतं 'सोसायटी' म्हटलं की विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था. खरिपाचं पीककर्ज तिथूनच. यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी-दिग्रसच्या पट्ट्यात, मी अशा दोन गावांचा गटसचिव, म्हणजे सोसायट्यांचे हिशेब आणि कारभार बघणारा सचिव आहे. कापूस, सोयाबीन, तूर ही इथली पिकं. मार्च सरला की क.म. पत्रक, म्हणजे कोणाला किती कर्ज देता येईल त्या कमाल मर्यादेचं पत्रक, जिल्हा बँकेकडे मंजुरीला जातं. मग वाटप, मग वसुली. रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेवार हिशेबाची वही), सभासद रजिस्टर, सारं हाताने. माझं अक्षर वळणदार आणि बेरीज पक्की, त्यामुळे गावात शब्दाला मान होता.

जून २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था, म्हणजे आमच्यासारख्या सोसायट्या, संगणकावर आणायचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. २,५१६ कोटींची योजना आणि नाबार्ड या राष्ट्रीय कृषी बँकेच्या मार्फत सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर. आमच्या संस्था यादीत आल्या तेव्हा आम्हा सचिवांच्या बैठकीत पहिला प्रश्न निघाला, "मग आपलं काय?" माझ्याही मनात तोच होता.

प्रशिक्षण झालं. कुठलं बटण कशाचं, हे सरावाने येतं. जीव काढला तो जुन्या हिशेबाने. सभासदांकडून संस्थेला येणं कमी आणि संस्थेचं बँकेला देणं जास्त, याला सहकारात अनिष्ट तफावत म्हणतात. वहीत ती वर्षानुवर्षं पुढे ओढता येते. संगणकात सुरुवातीची शिल्लक चढवायची तर एकेका सभासदाचा आकडा उभा करावा लागतो आणि बेरीज ताळेबंदाशी लावावी लागते. तिथे 'मागचं मागे' चालत नाही.

नावांचं तर विचारूच नका. एका गावात दोन सभासदांचं नाव एक, वडिलांचं नाव एक, आडनावही एक. गाव एकाला टेकडीवाले म्हणतं, दुसऱ्याला नाल्यावाले. रजिस्टरात नावासमोर पेन्सिलने बारीक 'टे' आणि 'ना' लिहिलेलं, ते फक्त मला कळणारं. संगणकाला लागतो आधार क्रमांक, गट नंबर, आठ-अ (जमिनीच्या खात्याचा उतारा), बँक खातं. तो रकाना भरताना मी बराच वेळ थांबलो. संस्थेचा निम्मा कारभार कागदावर नव्हताच, माझ्या आठवणीत होता. उद्या माझी बदली झाली असती तर नव्या माणसाने टेकडीवाल्यांचं कर्ज कोणाच्या नावे वसूल केलं असतं? इतकी वर्षं ज्याला मी माझी हुशारी समजत आलो, ती गावासाठी जोखीम होती. पुढची सारी दिशा मला या विचाराने दिली.

लोक धास्तावले होते, आणि त्यांची धास्ती रास्त होती. २०१७ च्या कर्जमाफीला ऑनलाइन अर्ज भरताना, २०१९ साली जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेला आधार प्रमाणीकरण करताना, यादीत नाव आलं का हे बघायला माणसं चकरा मारून थकली होती. एक म्हातारे काका मला म्हणाले, "सचिव साहेब, वयीत मायं नाव मले दिसते. मशीनमंदी गेलं तं मी कोनाले दाखवाले सांगू?"

त्यांच्यासाठी म्हणून गावात सभा घ्यायचं ठरलं. अध्यक्षांचं म्हणणं, मारुतीच्या पारावर सगळ्यांची बाकी वाचून दाखवू, एकदाच सोक्षमोक्ष. मी नको म्हणालो. ते वयाने मोठे, निवडून आलेले. मी संस्थेचा नोकर. पण ज्या जिल्ह्यात कर्जापायी माणसांनी जीव दिले, तिथे कोणाची थकबाकी पारावर मोठ्याने वाचू नये, असं मला मनापासून वाटतं. अध्यक्ष गप्प झाले. मग संचालक मंडळातल्या काकू बोलल्या, "ज्याची बाकी त्याच्या हातात द्या. गावाले कायले पाह्यजे?" ठरलं तसंच. पारावर नाव, सभासद क्रमांक, गट नंबर एवढंच वाचलं. कर्जबाकीचा आकडा प्रत्येकाच्या हातात चिठ्ठीवर दिला, आणि शंका असेल त्याने पावत्या घेऊन संस्थेत यावं असं सांगितलं.

आले की! कोणी पिशवीत, कोणी लोखंडी पेटीच्या तळातून काढून. एक बाई नवऱ्याच्या माघारी सगळ्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, सुतळीने बांधून आल्या. मी खतावणी उघडली. त्या एकेक पावती ठेवत गेल्या, मी ओळीवर बोट ठेवत गेलो. तारीख, रक्कम, तारीख, रक्कम. तारखेला इथे फार किंमत आहे. मुदतीत फेड झाली तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते होतं. तारीख हुकली की सवलत गेली. सगळ्या पावत्या जुळल्यावरच त्यांनी सही केली. वारस नोंदीचे कागद कोणते लागतील ते मी त्यांना त्याच चिठ्ठीमागे लिहून दिलं.

संगणकावर बसायला संस्थेने गावातलीच बी.कॉम. झालेली मुलगी घेतली. माझी एक नोंद होईस्तोवर तिच्या पाच होत. मी खिडकीजवळची माझी खुर्ची तिला दिली, कारण प्लग तिथेच होता, आणि बाजूला स्टूल घेऊन बसलो. ती मला म्हणे, "काका, आजचा दिवस बंद केल्याशिवाय उद्याचा उघडत नाही." मी तिला जुनी मोडी वळणाची अक्षरं, थकबाकीच्या खुणा, कोणता भरणा मुद्दलात आणि कोणता व्याजात गेला हे वाचायला शिकवलं. माझं अक्षर हीच माझी ओळख होती, तेव्हा पहिले काही आठवडे जड गेले. पण तिने न विचारता एका खात्यातली व्याजाची आकारणी पुन्हा तपासायला घेतली, त्या दिवसापासून मला तिची काळजी उरली नाही.

संचालकांतला बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आधी मी जिथे बोट ठेवीन तिथे सह्या होत. आता महिन्याचा छापील गोषवारा समोर असतो. एका बैठकीत एका संचालकांनी विचारलं, "हा वसुलीचा आकडा मांगच्या महिन्यापेक्षा कमी काहून?" बैठक लांबली, चहा दोनदा झाला, आणि संस्थेची वसुली हा पहिल्यांदा सगळ्यांचा विषय झाला.

दुसऱ्या गावात आता हेच काम चालू आहे. तिथे आम्ही मृत सभासदांच्या यादीपासून सुरुवात केली. आधी वारस, मग नाव-आधार, आणि आकडे सगळ्यात शेवटी. ऑपरेटर मुलगी आठवड्यातून दोन दिवस तिथल्या मुलाला शिकवायला येते, मी त्या दोघांना खतावणी वाचून दाखवतो.