कोड बरोबर होता

गोव्यातील डिचोलीच्या बाजारात असलेल्या आमच्या बँकेच्या शाखेत पैसे पाठवायला येणाऱ्या माणसाला सर्वांत मोठी धास्ती असते ती आयएफएससी कोडची. खातेक्रमांक तो कागदावरून भराभर उतरवतो. कोड मात्र चष्मा पुसून, एकेक अक्षर मोठ्याने वाचत लिहितो आणि पाचव्या जागी शून्य आहे की इंग्रजी ओ, हे दोनदा विचारतो. तेथे नेहमी शून्यच असते. पहिली चार अक्षरे बँकेची, मग ते शून्य, आणि शेवटच्या सहा जागा शाखेच्या. कोड लिहिताना चूक झाली आणि तसा कोड यादीत नसला, तर व्यवहार आमच्याच पडद्यावर अडतो, पैसे घराबाहेर पडत नाहीत. खरी जोखीम खातेक्रमांकात असते, आणि तिचे भय कोणाला वाटत नाही.

२०२४ च्या मे महिन्यात एका निवृत्त शिक्षिकेने दोन लाख चाळीस हजार रुपये पाठवले. गावात सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही म्हणतो. पावसापूर्वी घराचे छप्पर उतरवून नवे वासे घालायचे होते आणि कंत्राटदाराला लाकडासाठी आगाऊ रक्कम हवी होती. त्याचे खाते दुसऱ्या बँकेत, आमच्याच तालुक्यातील शाखेत. रक्कम दोन लाखांच्या वर असल्याने बाईंनी आरटीजीएसचा, म्हणजे मोठी रक्कम दुसऱ्या बँकेत लगेच पाठवण्याच्या सोयीचा, अर्ज भरला. असे नेटके अर्ज आमच्याकडे क्वचितच येतात. आकडे फळ्यावर लिहावेत तसे सुटे आणि ठसठशीत, खाडाखोड नाही. अर्जावर खातेक्रमांक दोनदा लिहावा लागतो. बाईंनी तो कंत्राटदाराच्या दिवाणजीने फोनवर पाठवलेल्या संदेशातून दोन्ही चौकटींत तंतोतंत सारखा उतरवला. मूळ संदेशच चुकलेला असेल, तर दोनदा लिहून घेण्याचा काही उपयोग होत नाही, हे हा नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

आरटीजीएसचा संदेश समोरच्या बँकेला मिळाल्यापासून अर्ध्या तासात रक्कम खात्यात जमा व्हावी लागते, आणि ती झालीही. फक्त कंत्राटदाराच्या खात्यात झाली नाही. दुसऱ्या दिवशी बाई पावती घेऊन आल्या आणि कोडवर बोट ठेवून म्हणाल्या, "कोड बरोबर आसा न्हय?" कोड बरोबर होता. बाईंचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे उत्तर देणे अधिकच अवघड गेले.

व्यवहाराचा बावीस अक्षरांचा यूटीआर क्रमांक देऊन चौकशी केल्यावर कळले, की पैसे मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावच्या शाखेत, एका शेतकऱ्याच्या खात्यावर गेले आहेत. कंत्राटदाराचे पासबुक मागवले आणि दोन्ही क्रमांक एकाखाली एक लिहिले. त्या बँकेत खातेक्रमांकाचे पहिले चार आकडे शाखेचे असतात. पासबुकावर ०४१७ होते, संदेशात ०४७१. पुढचे सगळे आकडे सारखे. प्रत्येक शाखेतील खात्यांचा क्रम स्वतंत्रपणे सुरू होत असल्याने ०४७१ च्या शाखेतही त्याच क्रमाचे खाते चालू होते. आणि बाईंनी लिहिलेल्या आयएफएससी कोडच्या शेवटी मात्र स्वच्छ ०४१७ होते. म्हणजे एकाच अर्जावर, एका ओळीच्या अंतराने, कोड गोव्यातील शाखेचे नाव सांगत होता आणि खातेक्रमांक मराठवाड्यातील. ही विसंगती कोणत्याही डोळस माणसाला दिसली असती. पण ती पाहण्याचे काम कोणाकडेच नव्हते. आमच्या संगणकाला दुसऱ्या बँकेच्या खातेक्रमांकांची रचना ठाऊक नसते, आणि समोरच्या संगणकाला ती ठाऊक असूनही त्याने पाहिले नाही.

त्याने का पाहिले नाही, याचे उत्तर मला ठाऊक आहे, पण ते पटत नाही. कोअर बँकिंग आल्यापासून, म्हणजे सगळ्या शाखा एकाच संगणकयंत्रणेला जोडल्यापासून, खाते शाखेचे राहिले नाही, बँकेचे झाले. कोडमुळे संदेश त्या बँकेपर्यंत पोहोचतो आणि तेथून पुढे खातेक्रमांक एकटा राज्य करतो. केवळ खातेक्रमांकावर रक्कम जमा करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्येच दिली. त्यात १ एप्रिल २०२० च्या सरकारी बँकांच्या विलीनीकरणांनी कोडांचा मोठा गोंधळ उडवला. सिंडिकेट बँकेचे जुने कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले, तरी आजही कोणी जुन्या चेकबुकावरचा कोड घेऊन काउंटरवर उभा राहतो. अशा काळात शाखा जुळत नाही म्हणून प्रत्येक रक्कम परत पाठवली असती, तर हजारो प्रामाणिक व्यवहार अडले असते. हे सगळे मान्य. पण जो भाग तपासायचाच नाही, तो प्रत्येक अर्जावर सक्तीने का लिहून घ्यायचा?

आमच्या एका सहकाऱ्याने पहिल्याच दिवशी निकाल दिला: चूक ग्राहकाची, बँकेची जबाबदारी नाही. नियमाने त्याचे म्हणणे खरे होते, आणि काउंटरवर नियमाने खरे असण्याइतके सोयीचे दुसरे काही नसते.

शेतकरी सज्जन होता. माझ्याशी फोनवर बोलताना त्याने लगेच सांगितले, "साहेब, पैसे माझे नाहीत, घेऊन जा." परंतु तोपर्यंत त्याच्या बँकेच्या संगणकाने त्याच्याहून जास्त तत्परता दाखवली होती. ट्रॅक्टरच्या कर्जाचे थकलेले हप्ते बचत खात्यातून आपोआप वळते करून घेण्याची व्यवस्था होती. खात्यात रक्कम दिसताच तिने हप्ते वसूल केले. उरलेले पैसे खातेदाराच्या लेखी संमतीवर पाठोपाठ परत आले. कर्जखात्यात गेलेली रक्कम उलटी फिरवायला मात्र तेथील शाखाधिकाऱ्याला वरच्या कार्यालयाची मंजुरी हवी होती आणि वरच्या कार्यालयाला आमच्याकडून पत्र, अर्जाची प्रत, बाईंचे निवेदन व कंत्राटदाराच्या पासबुकाची छायाप्रत हवी होती. हे सगळे पाठवल्यावर त्यांनी पासबुकाची प्रत पुसट आल्याचे कळवले.

दरम्यान बाईंनी मुदत ठेव मोडून कंत्राटदाराला दुसऱ्यांदा पैसे दिले. पाऊस जूनच्या आरंभी आला, तेव्हा अर्धे छप्पर ताडपत्रीखाली होते. राहिलेली रक्कम श्रावणात जमा झाली, आणि तिकडे शेतकऱ्याचे कर्ज पुन्हा थकीत दिसू लागले. वसुलीची नोटीस आल्यावर त्याने मलाच फोन केला. त्याला काय सांगावे, हे मला सुचले नाही.

३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी १ एप्रिल २०२५ पर्यंत लाभार्थ्याचे नाव दाखवण्याची सोय करण्यास बँकांना सांगितले. शाखेत येणाऱ्यांसाठीही ती आहे. ती वर्षभर आधी असती, तर पडद्यावर परके नाव पाहून बाईंनीच मला थांबवले असते.

मोडलेल्या ठेवीवरच्या व्याजाची भरपाई मिळावी आणि कोड बरोबर असताना रक्कम दुसऱ्या शाखेत कशी जमा झाली ते कळावे, असा अर्ज बाईंनी त्या बँकेकडे केला होता. भरपाई देता येत नाही, कारण खातेक्रमांक पाठवणाऱ्यानेच चुकीचा दिला होता, असे उत्तर आले. ते मी त्यांना वाचून दाखवले. खातेक्रमांकाचा उल्लेख त्यात पुन्हापुन्हा होता. कोडविषयी एक शब्दही नव्हता.