‘क्लोज एन्काउंटर्स’ माझ्या यादीत का नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. तोंडी हे उत्तर मी दरवेळी अर्धवट सोडते, समोरचा हसतो, मग मीच विषय बदलते. आता एकदा पूर्ण सांगते.

प्रश्न ठरलेला असतो. परग्रहवासीयांचे सिनेमे म्हटलं की तुम्ही तासन्‌तास बोलता, कुणी मागितली तर यादी काढून देता, तीत ‘एलियन’ असतो, ‘द थिंग’ असतो, ‘अरायव्हल’ असतो. मग ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ कसा नाही? तुम्ही तर खोपोलीच्या. त्याचं शूटिंग तुमच्या शेजारी हाळला झालं. तुमचे काका त्या गर्दीत होते!

होते. निदान ते तसं सांगायचे, आणि थापा मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. स्पीलबर्गचा हा सिनेमा १९७७चा. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा होता, रायगड व्हायचा होता. सिनेमात ते ठिकाण उत्तर भारतातलं धर्मशाला म्हणून येतं, पण जमीन खालापूर तालुक्यातली. शेकडो माणसं पाच सुरांची एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतायत. फ्रेंच शास्त्रज्ञाच्या भूमिकेतला फ्रान्स्वा त्रुफो विचारायला लावतो की हे सूर आले कुठून, आणि सगळेच्या सगळे हात एका झटक्यात वर जातात, बोटं आभाळाकडे. त्यातला एक हात काकांचा. कुठला, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

हा प्रसंग मला आवडत नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही. यान नाही, प्राणी नाही, एक दिवासुद्धा नाही, नुसते हात. तरी अंगावर काटा येतो. अशा सिनेमांत एरवी बातमी आधी लष्कराला कळते, मग नकाशे, मग अध्यक्षांचं भाषण. इथे उघड्या माळावर बसलेल्या लोकांना उत्तर माहीत आहे आणि शास्त्रज्ञ ते टिपून घेतायत. ह्या एका प्रसंगासाठी मी कुणाशीही भांडेन.

माझं भांडण ह्या प्रसंगानंतरच्या उरलेल्या सिनेमाशी आहे.

कॉलेजात असताना मी तो पहिल्यांदा पाहिला, भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर. तेव्हाच्या मला रॉय निअरी हा जगातला सगळ्यात शहाणा माणूस वाटला होता. वीज कंपनीतला साधा लाइनमन. एका रात्री आभाळात काहीतरी बघतो आणि डोक्यात एक डोंगर शिरतो. जेवताना बटाट्याच्या लगद्याचा डोंगर करतो, मग घरात मातीचा. शेवटी त्या डोंगरापाशी, वायोमिंगमधल्या डेव्हिल्स टॉवरपाशी पोचतो आणि यानात बसून निघून जातो. मी मैत्रिणींना ठासून सांगायचे की असं बोलावणं आलं तर जायलाच हवं, जे मागे राहतात त्यांना ते ऐकूच आलेलं नसतं. त्या मुलीला मी आज गप्प करू शकत नाही. तिचा मुद्दा पोकळ नव्हता. कुणीच गेलं नसतं तर पलीकडे काय आहे ते कुणाला कळलं असतं?

पुढे काका गेले.

कारखान्यातून रजा काढून नर्मदा परिक्रमेला गेले, हातात दंड, खांद्याला झोळी, काकूनं बांधून दिलेली दशम्यांची पुरचुंडी. सुरुवातीला पोस्टकार्डं यायची. ‘नर्मदे हर’ वर लिहिलेलं, खाली कुठल्या घाटावर मुक्काम, कुणी सदावर्त दिलं. मग एका कार्डात होतं की मैयेनं ठेवून घेतलंय, वाट पाहू नये. काकू तेव्हा पस्तिशीचीही नव्हती. मुलगी पाचवीत, मुलगा तिच्याहून लहान. गावात लोकांनी काकांबद्दल फार आदरानं बोलायला सुरुवात केली. भाग्य लागतं, म्हणायचे. काकूच्या पाया पडून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्याच आठवड्यात तिनं कारखान्यातल्या लोकांसाठी डबे सुरू केले.

मी ह्यावर आत्तापर्यंत लिहिलं नाही कारण हे दुःख माझं नाही, काकूचं आणि तिच्या मुलांचं आहे. पण तुम्ही सिनेमाबद्दल विचारता आणि सिनेमाबद्दलचं माझं मत काकूच्या स्वयंपाकघरात बदललं, त्याला मी काय करू?

झालं असं की पुढे बऱ्याच वर्षांनी मला त्याची डीव्हीडी मिळाली. मी हौसेनं घेऊन गेले. मुलं मोठी झाली होती, टीव्ही स्वयंपाकघरातून दिसेल असा लावलेला. काकू खाली वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होती, दुसऱ्या दिवशीच्या डब्यांसाठी. हाळचा प्रसंग आला तशी तिनं हात पुसले आणि पुढे सरकली. “थांबव,” म्हणाली. मी थांबवलं. तिनं पडद्याजवळ जाऊन डावीकडून उजवीकडे हात बघितले, एकेक करून, जसं लग्नाच्या फोटोत आपलं माणूस शोधतात. मग “चालू कर,” म्हणाली आणि परत मेथीपाशी जाऊन बसली.

मला वाटलं, ती आता बघणार नाही. ती सगळा बघत होती. बटाट्याच्या डोंगराच्या वेळी टेबलाशी बसलेला रॉयचा थोरला मुलगा रडायला लागतो, बाप लगदा थापतोच आहे. काकू काहीच बोलली नाही. मग रॉय अंगणातली झाडं उपटून, माती खणून, शेजाऱ्यांच्या बदकांची जाळी ओढून खिडकीतून घरात टाकायला लागतो. बायको, रॉनी, घरातल्या गाऊनवरच मुलांना गाडीत कोंबते आणि निघते. तो गाडीला लोंबकळतो, पडतो, उठून परत माती आत टाकायला जातो. पुढे एकदा फोनवर बोलणं होतं, ती फोन ठेवून देते. संपलं.

शेवट सुरू झाला. दिवे, सूर, यान. मला नेहमीसारखं भरून आलं, ते संगीतच तसं आहे. १९४५ साली हरवलेले वैमानिक यानातून उतरतात, एका दिवसानंही म्हातारे न झालेले. यानानं पळवलेलं एक मूल आणि त्याची आई परत भेटतात. रॉय लाल कपड्यांत रांगेत उभा राहतो, ती इवलीशी माणसं नेमका त्यालाच हाताला धरून नेतात. यान वर गेलं, नावं वर चढायला लागली.

काकूनं विचारलं, “त्या बाईला परत दाखवत नाहीत का?”

“नाही.”

“आणि पोरांना?”

“नाही.”

“मग त्याला घर आहे हे दाखवलंच कशाला? एकटा दाखवायचा.”

एवढंच. तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखरच विचारत होती. निवडलेली मेथी चाळणीत घेऊन ती नळाखाली गेली, आणि मी हातात रिमोट घेऊन बसले. सिनेमावर मी खूप वाचलं होतं, वाद घातले होते, पण इतकी नेमकी टीका मी कुठे वाचली नव्हती. एखाद्याचं कुणी नाही असं दाखवलंत तर गोष्ट वेगळी. ‘द थिंग’मध्ये अंटार्क्टिकावर अडकलेले बारा पुरुष आहेत, त्यांच्या घरचं अवाक्षर नाही, म्हणून तो सिनेमा कुणाचं देणं लागत नाही. ‘क्लोज एन्काउंटर्स’ लागतो. त्यानं मुलाचं रडणं जवळून दाखवलं आणि मग त्या मुलाला विसरून गेला. आणि विचार करायला वेळ मिळाला नाही असंही नाही. १९७७ची आवृत्ती, १९८०ची, १९९८ची. १९८०त तर यानाच्या आत काय आहे ते दाखवायला नवं चित्रीकरण केलं, १९९८त ते काढून टाकलं. एवढ्या कात्रीत रॉनीच्या स्वयंपाकघरात परत जावंसं वाटलं नाही. स्पीलबर्ग यांनी पुढे स्वतःच सांगितलंय की आपल्याला मुलं झाल्यावर हा शेवट असा केला नसता. मला ह्या कबुलीचं कौतुक आहे, पण तिनं सिनेमा बदलत नाही.

तेव्हापासून मी हे सिनेमे खाली राहिलेल्यांच्या बाजूनं बघते. ‘हा फारच घरगुती निकष झाला,’ असं मला ऐकवलं गेलंय. असू दे. ‘एलियन्स’ घ्या, १९८६चा. नायिका रिप्ली सत्तावन्न वर्षं अवकाशात झोपेत तरंगून परत येते. लांब आवृत्तीत एक छोटा प्रसंग आहे: मुलीच्या अकराव्या वाढदिवसाला परत येते असं ती सांगून गेली होती, आणि आता तिच्या हातात त्या मुलीचा सहासष्टाव्या वर्षीचा फोटो ठेवतात. मुलगी वारली आहे. थिएटरला आलेल्या सिनेमातून हा प्रसंग कापला होता. तो पाहिल्यावर ती न्यूट नावाच्या अनाथ पोरीसाठी त्या परग्रही प्राण्यांच्या राणीच्या बिळात का उतरते ते वेगळं समजवावं लागत नाही. आणि म्हणूनच १९९२च्या तिसऱ्या भागाला मी माफ करत नाही, कारण तो न्यूटला सुरुवातीलाच मारून टाकतो. दिग्दर्शन चांगलं आहे, प्रकाशयोजना चांगली आहे, सगळं मान्य.

सत्यजित राय यांची १९६२ची बंकूबाबूंची गोष्ट मला ह्याच कारणासाठी प्रिय. गावातल्या अड्ड्यावर सगळे ज्याची टिंगल करतात तो गरीब शिक्षक परग्रहावरच्या पाहुण्याला भेटतो आणि कुठेही जात नाही. परत त्याच अड्ड्यावर येतो, फक्त आता ताठ मानेनं.

आणि ‘ई.टी.’. पाचच वर्षांनी, १९८२त, त्याच दिग्दर्शकानं बाप निघून गेलेल्या घरात सिनेमा नेऊन ठेवला. दोघं भाऊ गॅरेजमध्ये बाबांचा जुना शर्ट हुंगतात आणि कुठल्या लोशनचा वास आहे ते ओळखायचा प्रयत्न करतात. तिथे कुणी काही समजावत नाही. शेवटी ई.टी. एलियटला चल म्हणतो आणि एलियट राहतो. रॉनीच्या मुलांना मिळालेलं उत्तर मी ह्यालाच समजते, उशिरा मिळालेलं.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे काय वेगळं सांगितलंय? आपल्याकडेही विमान येतं आणि माणूस जातो. बरोबर. पण प्रभातचा १९३६चा ‘संत तुकाराम’ पुन्हा बघा. दामले-फत्तेलालांनी आवलीला पूर्ण सिनेमाभर सोडलेलं नाही. पोर आजारी पडतं तेव्हा ती चप्पल घेऊन विठोबासमोर उभी राहते, आणि सिनेमा तिला वेडी ठरवत नाही. आवली झालेल्या गौरीबाईंनी तिची भूक आणि तिचं प्रेम दोन्ही खरं केलंय. विमान वर जातं तेव्हा खाली आवली आहे हे आपण विसरूच शकत नाही. वैकुंठाला जाणाऱ्याचा मान राखूनही हे करता येतं, एवढंच माझं म्हणणं.

माझा चुलतभाऊ हे सगळं खोडून काढतो. बाप गेला तेव्हा तो आठेक वर्षांचा असेल, आणि ‘क्लोज एन्काउंटर्स’ हा त्याचा सगळ्यात आवडता सिनेमा आहे. ते पाच सूर त्याच्या फोनवर वाजतात. तो म्हणतो, “ताई, जाणारा मागे वळून बघत नाही. सिनेमानं तेच दाखवलं. परत त्या घराकडे कॅमेरा नेला असता तर मला खोटं वाटलं असतं.” मी म्हणते, कॅमेरा म्हणजे रॉय नव्हे, रॉय विसरला तरी कॅमेऱ्यानं का विसरावं? तो म्हणतो, मग आपल्यासारख्यांना शेवट आवडलाच नसता. आपल्यासारख्यांना म्हणजे कुणाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, “ज्यांना ते यान आतून कसं होतं ते अजून बघायचंय.”

ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्याच्या यादीत तो सिनेमा पहिला आहे आणि माझ्या यादीत नाही. गेल्या गणपतीत आम्ही परत त्यावरून भांडलो, आणि काकूनं दोघांनाही आरतीला उठवलं.