फाउंड्रीच्या भिंतीवरचे चार टॅप

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीने, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्याने, कामाच्या इंग्रजी सूचना मराठीत करून भिंतीवर लावायचं ठरवलं आणि छपाईआधी तो गठ्ठा माझ्याकडे तपासायला आला. अनुवाद संगणकाने केलेला. ‘टॅप’ दिसला की ‘नळ’. पिण्याच्या पाण्याच्या फलकावर ते बरोबरच होतं; बाकी ठिकाणी तसंच लागलं असतं, तर माणसं जखमी झाली असती.

सगळ्यात आधी मी ट्रान्सफॉर्मरचा फलक बाजूला काढला. त्यावर होतं, ‘नळाची जागा बदलण्यापूर्वी ट्रान्सफॉर्मर वेगळा करा.’ वेगळा म्हणजे काय करायचं, हे कोणालाच कळलं नसतं. 11 केव्हीच्या (11,000 व्होल्टच्या) वाइंडिंगमधून, म्हणजे तारेच्या गुंडाळीतून, ठरावीक वेढ्यांवर जी टोकं बाहेर काढलेली असतात, ते टॅप. बहुधा 2.5 टक्क्यांच्या पायऱ्या असतात. येणारा विजेचा दाब कमी असेल तर 11 केव्हीच्या बाजूचे वेढे कमी करायचे, म्हणजे 433 व्होल्टच्या बाजूला मिळणारा दाब वाढतो. टॅप बदलायचा इथला स्विच मात्र वीज बंद असतानाच फिरवायचा होता. त्याच्या कॉन्टॅक्टमध्ये प्रवाह तोडायची ताकद नसते. चालू असताना फिरवला तर तेलात ठिणगी धरते, वायू तयार होतो आणि टाकी फुटू शकते. नुसता 433 व्होल्टचा ब्रेकर पाडून भागत नाही, कारण लोड नसला तरी 11 केव्हीच्या वाइंडिंगमधून गाभा चुंबकित ठेवणारा प्रवाह वाहतच असतो. म्हणून नवं वाक्य मी सविस्तर लिहिलं: लोड काढा, 11 केव्हीचा पुरवठा तोडा, टेस्टरने खात्री करा, अर्थिंग लावा, मगच हँडलचं कुलूप उघडा. हँडल नेमकं आकड्यावर बसलं पाहिजे. मध्येच अडकलं तर कॉन्टॅक्ट तापून जळतो.

भट्टीच्या फलकावर ‘नळ उघडण्यापूर्वी लॅडल तपासा’ असं होतं. लॅडल म्हणजे वितळलेला रस घ्यायचं भांडं. क्युपोला या उभ्या, कोकवर चालणाऱ्या भट्टीला खाली टॅपहोल असतं, ते फोडून रस काढतात. या फाउंड्रीत विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी आहे, तिला असं भोक नसतं. ती वाकवून ओततात, तरी कामगार त्याला टॅपिंगच म्हणतात. जिथे पाण्याचा थेंबही चालत नाही, तिथे नळ शब्द नकोच. लॅडलचं अस्तर ओलं राहिलं तर पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे 1,600 पट वाढतं आणि वितळलेलं लोखंड बाहेर उडतं. ‘लॅडल पूर्ण वाळवून तापवल्याशिवाय टॅपिंग नाही’ एवढंच ठेवलं. स्क्रीनवरच्या ‘नळ दाबा’चं ‘बोट टेकवा’ केलं.

जास्त वेळ गेला मशीन शॉपवर. आटे पाडायचा टॅप तिथे सगळे जण टॅप म्हणूनच ओळखतात. एम 10, म्हणजे 10 मिमीच्या आट्यासाठी 8.5 मिमीचं ड्रिल, टॅप काटकोनात धरायचा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे चिप तुटते. स्टीलला तेल हवं, बिडाला कोरडं चालतं. अडचण वेगळीच निघाली. आपल्याकडे संचातले तीन टॅप टेपर, सेकंड आणि प्लग. मूळ सूचना अमेरिकन, आणि तिथे प्लग म्हणजे आपला सेकंड. त्यांच्या ‘प्लगने सुरुवात करा’नुसार आपला कामगार तिसरा टॅप उचलणार. त्याचे पुढचे एक-दोनच आटे घासलेले असतात, त्यामुळे तो भोकात सरळ धरत नाही, तिरका जातो आणि मोडतो. कडक केलेला तुकडा साध्या ड्रिलने निघतही नाही. फलकावर मी नावच ठेवलं नाही. ‘टोकाचे 3 ते 5 आटे घासलेला टॅप’ असं लिहून शेजारी तिन्ही टोकांची चित्रं काढून घेतली.