ठिपक्यांची रांगोळी आणि दोन तारखा

मी कुडाळजवळच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, आमच्याकडे नुसता पुस्तकातला रोग नाही. लावणीच्या दिवसांत पायाला चिरा पडलेला माणूस चिखलात उतरतो, त्या पाण्यात उंदराचे मूत मिसळलेले असते, आणि आठ-दहा दिवसांनी तो तापाने फणफणतो. अशा तापात रक्तातल्या पेशी कोणती जनुके जोरात चालवतात, हे बघायचा आमचा छोटासा प्रकल्प. जनुक चालू असले की पेशीत त्याची आरएनए नावाची नक्कल तयार होते. रक्तातून हा आरएनए काढणे मला जमत होते. त्यातून पुढे जे आकडे येतात त्यांचे काय करायचे, ते मात्र येत नव्हते. म्हणून जुलैत दोन आठवड्यांचे ऑनलाइन प्रशिक्षण घेतले.

पहिले तीन दिवस 'आर' ही आकडेमोडीची संगणकभाषा आणि तिची पॅकेजेस लॅपटॉपवर बसवण्यातच गेले. पाऊस लागला की वीज जायची, वीज गेली की राऊटर बंद, आणि अर्धे उतरलेले पॅकेज पुन्हा पहिल्यापासून. सरावाला कच्च्या फायलींऐवजी मोजणीचे तयार तक्ते दिले म्हणून निभावले. ओळींत वीसेक हजार जनुके, रकान्यांत माणसे, आणि चौकटीत त्या माणसात ते जनुक किती चालू आहे त्याचा आकडा. सवयीने मी तो तक्ता एक्सेलमध्ये उघडला आणि 'मार्च१' नावाच्या जनुकाची एक मार्च तारीख होऊन बसली! एक्सेलच्या या खोडीपायी २०२० मध्ये अशा जनुकांची नावेच बदलावी लागली, हे मला तेव्हा कळले.

आकडेशास्त्राचा धडा एका गणितात डोक्यात शिरला. वीस हजार जनुके, प्रत्येकासाठी एक चाचणी, आणि पाच टक्के चूक चालवून घेतली, तर खरा फरक काहीच नसतानाही हजारभर जनुके 'महत्त्वाची' निघतील. मी याआधी किती शोधनिबंध भोळेपणाने वाचले असतील!

पण खरा धक्का बसला दुसऱ्या आठवड्यात. प्रत्येक नमुन्याचा एक ठिपका काढायचा. ज्यांची जनुके सारखी वागतात ते ठिपके जवळ येतात. माझ्या आलेखात रुग्ण एका कोपऱ्यात, निरोगी दुसऱ्या, मध्ये स्वच्छ पट्टा. रांगोळीच जणू. मी खुशीत चित्र पाठवले. शिकवणाऱ्या सरांनी एवढेच विचारले, "मॅडम, आरएनए कधी काढला ते बघितलंत?"

माहितीच्या तक्त्यात तारखेचा रकाना होता, मी तो उघडलाच नव्हता. सगळ्या रुग्णांचा आरएनए एका दिवशी काढलेला, सगळ्या निरोगींचा दुसऱ्या. मग पट्टा रोगाने पाडला की वेगळ्या दिवसाने, वेगळ्या हाताने, वेगळ्या किटने? सांगता येत नाही. दोन्ही दिवशी दोन्ही गटांतले नमुने असते तर डीईसेक२ ला (गटांतल्या जनुकांची तुलना करणाऱ्या 'आर'मधल्या पॅकेजला) तारीख कळवून तिचा परिणाम वेगळा काढता आला असता. इथे तारीख आणि रोग एकमेकांत असे गुंतले होते की कुठलेही सॉफ्टवेअर ते सोडवू शकत नव्हते. सरांनी तक्ता मुद्दाम तसा रचला होता, आणि बाकीचेही माझ्यासारखेच फसले. (त्यात एका 'पुरुषा'च्या नमुन्यात एक्झिस्ट हे जनुक जोरात चालू होते. ते बायकांच्या पेशींत चालते. म्हणजे चिठ्ठ्यांची अदलाबदल. तेही मुद्दामच!)

त्या रात्री झोप लागली नाही, कारण आमचा स्वतःचा आराखडा तंतोतंत तसाच होता. रुग्णांचे रक्त श्रावणात, आणि निरोगी लोकांचे चतुर्थीनंतर, माणसे मोकळी असतात म्हणून. मधे ऋतू बदलणार, चिखल सुटणार, साथीचे इतर ताप ओसरणार. हा सगळा फरक मी लेप्टोच्या नावावर जमा केला असता.

आराखडा बदलला, नीतिसमितीकडे पुन्हा अर्ज केला. आता रुग्ण आला की त्याच आठवड्यात त्याच वाडीतला, त्याच मळ्यात राबणारा, साधारण त्याच वयाचा निरोगी माणूस शोधायचा, आणि आरएनए काढताना दोघांच्या नळ्या शेजारी शेजारी ठेवायच्या. कागदावर सोपे आहे. परवा भर लावणीत एका काकांना मळ्याच्या बांधावर गाठले. हातातला तरवा, म्हणजे भाताची रोपे, खाली न ठेवता त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाय, ताप तेका इलो, माका काय्येक झाला नाय. मगे माझा रगात कित्याक व्हया?"

बांधावर उभी राहून मी त्यांना दोन तारखांची गोष्ट सांगितली. "लावणी आटपली की ये," म्हणाले. मी म्हटलं, "काका, तोच तर घोळ आहे."