घरी अशी नसते

रविवार, रात्र

बॅगा दारातच पडल्यात. मळलेल्या कपड्यांची पिशवी तेवढी वेगळी काढली, बाकी उद्या. मनी गाडीत झोपली ती झोपलीच. मोजेसुद्धा न काढता तिला पलंगावर ठेवलं. हाही आडवा झालाय. मला मात्र झोप नाही, आणि कारण इतकं बारीक आहे की ह्याला उठवून सांगितलं तर तो विचारेल, "एवढंच?" हो, एवढंच. चार शब्द. मनीचे.

सहल छान झाली, हे आधी लिहून ठेवते. नाहीतर पुढे कधी हे पान उघडलं तर वाटेल सगळं बिनसलंच होतं. तसं नाही. इमॅजिका हे पाळण्यांचं थीम पार्क २०१३ साली सुरू झालं तेव्हापासून भावजींच्या तोंडी 'एकदा जाऊन यायचं' आहे. मग दादू उंचीच्या पट्टीला लागायची वाट बघण्यात काही वर्षं गेली, मग कोरोना, मग बाबांचं ते सगळं. त्याबद्दल आज नाही. या वेळी एकदाचं जमलं. दुसऱ्या दिवशी पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घ्यायचं, या अटीवर सासूबाईही तयार झाल्या. पार्क खोपोली-पाली रस्त्यावरच आहे, तेव्हा वाट वाकडी करायची नव्हती.

दोघे भाऊ दादूला घेऊन नायट्रोच्या, त्या मोठ्या रोलर कोस्टरच्या, रांगेत गेले. मी, ताई आणि मनी लहान मुलांच्या पाळण्यांकडे. मॅजिक कॅरोसेलवर मनीने घोडा निवडला, दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तोंड अगदी गंभीर करून बसली. माहीत नसलेल्याला वाटेल, पोरगी घाबरलीय. पण तो तिचा आनंदाचा चेहरा आहे. फेरी संपली की उतरायचं आणि मुकाट्याने पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं, असं तिचं चाललं होतं. आय फॉर इंडियात खुर्च्या वर उचलल्या जातात, पाय अधांतरी होतात आणि समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर आपण देशावरून उडत जातो. मला वाटलं, इथे ही माझा हात धरणार. नाही धरला. मीच तिचा धरून बसले होते. राजासॉरसच्या होडीतून बाहेर आल्यावर दादू सांगत होता की राजासॉरस हा डायनोसॉर खरंच होता, त्याची हाडं गुजरातेत सापडली, २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिलं. मनीने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "म्हणजे तो आपल्याकडचाच." दादूला नाही सांगितलं. मलाच.

अवघड जायचं ते माणसांपाशी. पाळण्यावर पट्टा लावणारा मुलगा प्रेमाने विचारी, "नाव काय तुझं?" रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाई विचारत, "कितवीत आहेस?" मनी माझ्या ओढणीत. आणि मी हसत, जरा मोठ्याने, "लाजते हो ती! घरी अशी नसते. घरी नुसती बडबड!" हे वाक्य मी दवाखान्यात म्हणते, लग्नात म्हणते, लिफ्टमध्ये म्हणते. शाळेच्या प्रवेशाच्या वेळीही म्हटलं होतं. ते खरंही आहे. घरी ती बोलते, गाते, भिंतीवरच्या पालीला नियम समजावून सांगते.

पार्कचा तो हत्तीचा पोशाख घातलेला टब्बी आला तेव्हा तर गर्दीच झाली. सगळी पोरं त्याच्या पायांना लोंबकळत होती. मनी माझ्यामागे. "अगं शेकहँड कर, काही करत नाही तो," ताई. "बघ, दादूने कसा फोटो काढला." मग मीच पुढे झाले. टब्बीचा हात हातात घेतला, हलवला, "हॅलो टब्बी! आमच्या मनीला भेटायचंय तुला!" असं काहीतरी बोलले. लोक हसले, मीही हसले. मनी हत्तीच्या तोंडाकडे बघत नव्हती, त्याच्या पायांकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला तेव्हा कळलं नाही.

नंतर आम्ही दोघी बाथरूमला गेलो. तिचं झालं, तिला बेसिनपाशी उभं केलं आणि मी आत गेले. बाहेर सफाईच्या मावशी फरशी पुसत होत्या. "ओलं हाय गं, सांभाळून," म्हणाल्या. आणि मला मनीचा आवाज ऐकू आला. तिचा घरचा आवाज. "तुम्ही सारखं पुसता का? परत कोणी आलं की परत पुसायचं?" मावशी म्हणाल्या, परत पुसायचं. मग मनीने विचारलं की त्यांचे पाय ओले होतात का, त्यांच्या घरी कोण आहे, आणि टब्बीच्या आत माणूस असतो हे त्यांना माहीत आहे का. मी कडी न काढता आत उभी राहिले. अनोळखी माणसाशी ती आपणहून इतकं बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाने. मावशींनी तिचं नाव विचारलं नव्हतं. त्या पुसत होत्या, तिच्याकडे बघतही नसाव्यात.

मग मावशी म्हणाल्या, "मगाशी हत्तीपाशी तुझीच आई ना? लय हसत होती. मजा आली वाटतं तिला."

आणि मनी म्हणाली, "आई घरी अशी नसते."

तक्रार नव्हती आवाजात. मी जशी सांगते, अगदी तशीच सांगत होती. समजावून. मावशींनी गैरसमज करून घेऊ नये म्हणून.

मी बाहेर आले, हात धुतले, मावशींना मान डोलावली, आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. खरंच निघेना. मनी गप्प, मी गप्प, दोघी उन्हात बाहेर आलो.

त्यानंतर संध्याकाळची परेड झाली, दिवे, ढोल, सगळं. मला त्यातलं फारसं आठवत नाही.

अशी म्हणजे कशी? हे मी तेव्हापासून घोळवतेय. मोठ्याने बोलणारी? खोटी? दमलेली? तिला काय दिसतं माझ्यात? दवाखान्यात, लग्नात, लिफ्टमध्ये, इतकी वर्षं ती माझ्यामागे उभी राहून बघत होती. मी समजत होते, ती लपलीय.

मनीसाठी म्हणून मागे बरंच वाचलं होतं. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन चार महिन्यांच्या बाळांना झुलती खेळणी दाखवत, अनोळखी आवाज ऐकवत, नाकाशी अल्कोहोलचा बोळा नेत, आणि बघत. पाचातलं साधारण एक बाळ हातपाय झाडायचं, रडायचं. त्यांतली बरीच पुढे दुसऱ्या वर्षी अनोळखी माणूस दिसला की बुजायची, आईला चिकटायची, असं त्यांना आढळलं. शाळेच्या वयापर्यंत त्यांतली पुष्कळशी सावरली, पण अगदी बेधडक अशी फार थोडी झाली. हे वाचून तेव्हा फार आधार वाटला होता. लाडाने झालं नाही, धाकाने झालं नाही, तिचं जन्माचं आहे. डॉक्टरही म्हणालेच, शाळेत बाईंशी बोलते, मैत्रीण आहे, मग कशाची चिंता करता.

पण त्या बाळांत मीही असणार, हा विचार आजवर केला नव्हता. आई सांगते की पाहुणे आले की मी माजघरात कणगीच्या मागे जाऊन उभी राहायचे, आणि ते गेल्यावर त्यांनी कोणत्या रंगाच्या चपला घातल्या होत्या ते सांगायचे. कॉलेजात तोंडी परीक्षेला येत असलेलं उत्तर गिळून बसायचे. पहिल्या नोकरीत टेबलावरचा फोन वाजला की तळहाताला घाम यायचा. मग या घरात आले, जिथे सगळे एकाच वेळी बोलतात आणि गप्प बसणाऱ्याला 'काय बिनसलं?' विचारतात. हा जो माझा बाहेरचा आवाज आहे तो असा एकेक करून कमावलाय मी. गाणारी माणसं पहाटे उठून खर्ज लावतात तसा. त्याचं कुणी कधी कौतुक केलं नाही, कारण कुणाला कळलंच नाही की तो मुळातला नव्हता. ह्यालासुद्धा नाही. तो तर म्हणतो, मनी कुणावर गेलीय कोण जाणे. आणि ज्या एकीला कळलं, तिने ते एका परक्या बाईला असं सांगितलं, जसं काही माझं बिघडलंय.

रात्री हॉटेलात ह्याच गोष्टीचं मला रडू आलं. कोणाला दाखवलं नाही. दिवसभर सगळ्यांच्या टोप्या, पाण्याच्या बाटल्या, मनीचं आणि सासूबाईंचं जेवण, फोटोत हसायचं. मला टब्बीला भेटायचं होतं का? मला कुणी विचारलं का?

आज सकाळी पालीला गेलो. गाडीत सासूबाई मनीला बल्लाळाची गोष्ट सांगत होत्या. बल्लाळ रानात मित्रांना जमवून गणपतीची पूजा करायचा, वडिलांनी रागावून त्याला मारलं, झाडाला बांधून ठेवलं, आणि मग गणपती आला. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा एकच गणपती, तोही लहान मुलाच्या नावाने. मनीने विचारलं, "झाडाला बांधल्यावर त्याने मोठ्याने हाक मारली का?" सासूबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मनातल्या मनात मारली." मनीचं समाधान झालं. सासूबाईंना मी कायम धाकाचं माणूस समजत आले, पण हे उत्तर मला सुचलं नसतं.

देवळात रांग होती, पण तिथे कुणी तिला नाव विचारलं नाही. सगळे समोर बघत होते. मनी माझा हात सोडून सासूबाईंच्या पुढे जाऊन उभी राहिली. मीही गप्प उभी होते, आणि बरं वाटत होतं. दोघींनाही, असं मला वाटलं. कदाचित मलाच.

परत येताना बाकीचे डुलक्या घेत होते तेव्हा मी विचारलं. राहवलं नाही. "मनी, मी बाहेर कशी असते गं?"

तिने बराच वेळ घेतला. खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं विसरली. मग म्हणाली, "जोरात."

"तुला आवडत नाही?"

"आवडतं." परत खिडकी. "तू जोरात असलीस की मला कोणी जास्त विचारत नाही."

आणि झोपली.

हे मी गाडीत बसल्यापासून उलटसुलट करून बघतेय. म्हणजे माझा तो कमावलेला आवाज ती वापरते. त्याच्या मागे उभी राहून तिला बघायचं ते बघते. पाय, चपला, आतली माणसं. कणगीमागे उभी राहून मी करायचे तेच. मला कणगी मिळाली होती, तिला मी मिळालेय. हे चांगलं आहे की वाईट, ते आज ठरत नाही. काल रात्री टोचत होतं तसं मात्र आता टोचत नाही. तो आवाज खोटा नाहीच मुळी. तो माझाच आहे, फक्त घरी लागत नाही. आणि तिला दोन्ही आवाज ओळखता येतात, आणि तरी ती त्यातल्या एकाला नावं ठेवत नाही. एवढं मला माझ्या आईबद्दलही जमलेलं नाही. असो.

एक राहिलं. ताईंनी आत्ता ग्रुपवर मुलांच्या शिबिराची माहिती टाकलीय. सुट्टीत आठ दिवस, स्टेजवर उभं करून बोलायला लावतात, भीती जाते म्हणे. 'मनीसाठी बेस्ट' असं लिहिलंय खाली, आणि ह्याने अंगठाही दिलाय. ताईंना मनीची काळजी आहे, ते मला माहीत आहे. पण नको. मनी पहिलीत जातेय, तिला पट्टा लावणाऱ्या मुलाला नाव सांगायचं की नाही ते तिचं तिला ठरवू दे. मावशींशी बोलली ती कुणी स्टेजवर चढवल्यामुळे नाही. त्या तिच्याकडे न बघता आपलं काम करत होत्या म्हणून.

उद्या ताईंना फोन करून नाही म्हणणार आहे. त्या लगेच 'का?' विचारतील. नीट सांगायला मला वेळ लागेल, आणि त्यांना थोडं थांबावं लागेल.