आधी डावा गुडघा

मे २०१९, लुधियाना. इंडियन विमेन्स लीगचा, म्हणजे बायकांच्या फुटबॉल लीगचा, तिसरा हंगाम गुरुनानक स्टेडियमवर चालू होता आणि मी एका संघाची फिजिओ म्हणून गेले होते. संघाचं नाव सांगत नाही. पुढे जी चूक येणार आहे ती माझी आहे, त्यांची नाही.

तेव्हाची लीग म्हणजे एकाच गावात भरलेली जत्राच. बारा संघ, सहा-सहाचे दोन गट, अडीच-तीन आठवड्यांत सगळं आटोपायचं. पाय मुरगळून पंधरा दिवस बसली की त्या मुलीचं वर्ष गेलं. (पुढे काही वर्षं संघ एकमेकांच्या गावी जाऊन खेळले, हंगाम काही महिने चालायचा. २०२३-२४ मध्ये सात संघ होते, म्हणजे प्रत्येकीला बारा सामने. तेव्हा गटात मिळायचे पाच.) त्यात पंजाबातलं मेचं ऊन. मी कोल्हापूरची, उन्हाला घाबरणारी नाही, पण तिथे बर्फाची पेटी उघडली की मलाच आत बसावंसं वाटायचं. कोल्हापूरचाही संघ आला होता. स्टँडमधून ‘मार की गं!’ अशी आरोळी आली की तेवढ्यापुरतं शाहू स्टेडियममध्ये बसल्यासारखं वाटायचं.

आमची उजवी विंगर ओडिशाची, एकोणीस वर्षांची. दुसऱ्या अर्धात हेडरसाठी उडाली आणि खाली येताना उजव्या पायावर वेडीवाकडी पडली. कुणाचा धक्का नाही, काही नाही. पंचांनी खूण केली, मी बॅग घेऊन धावले.

तिचा गुडघा थोडा वाकवून धरला आणि नडगी पुढे ओढून पाहिली. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध, तुटला असेल तर नडगी सैल सरकते. सरकली नाही. गुडघा घट्ट वाटला. ‘कुछ नहीं दीदी, कुछ नहीं,’ ती म्हणत होती, आणि मला तेच ऐकायचं होतं.

मैदानात उपचार घेतले की खेळाडूला बाहेर यावं लागतं, पंचांनी बोलावलं की परत आत. त्या अर्ध्या मिनिटात साइडलाइनला मी तिला दोन उड्या मारायला लावल्या. तिनं मारल्या. कोचनी लांबूनच अंगठा वर करून विचारलं. मी अंगठा वर केला.

अकरा मिनिटांनी ती बचावपटूला हुलकावणी द्यायला वळली आणि बसलीच. या वेळी ‘कुछ नहीं’ म्हणाली नाही. तिला स्ट्रेचरवरून आणलं.

हॉटेलवर पोचेपर्यंत गुडघ्याचा आकार गेला होता, वाटी कुठे आहे ते दिसेना. बर्फ संपला होता, तो समोरच्या ज्यूसवाल्याकडून आणला. रात्री तिला पलंगावर आडवं केलं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दिली, इकडतिकडच्या गप्पा काढल्या. मांडी सैल पडल्यावर आधी डावा गुडघा तपासला, मग उजवा. डावा ओढला की टक्कन थांबत होता. उजवा सरकला, आणि थांबायची जागाच लागेना.

मैदानात तिनं वेदनेनं मांडीमागचे स्नायू आवळून धरले होते. त्यांनीच नडगी मागे खेचून ठेवली आणि मला गुडघा घट्ट लागला. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना मी स्वतः शिकवते. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा किमान दुप्पट होते आणि बहुतेक वेळा धक्क्याविनाच होते, हेही शिकवते. ती ज्या तऱ्हेनं पडली तेवढ्यावरच तिला बाहेर काढायला हवं होतं. डाव्या गुडघ्याशी ताडून पाहिलं नाही. पडताना आवाज आला का, हेही विचारलं नाही. रात्री विचारलं.

‘हां दीदी, टक करके आवाज हुआ था. आपने पूछा नहीं.’

कोचना त्याच रात्री सांगितलं, अंगठ्यासकट. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, उद्या अकरा जणी कुठून आणायच्या ते बघू.

एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलेला निघाला, गुडघ्यातली गादीही फाटलेली. गादी पहिल्या पडण्यात फाटली की दुसऱ्या, हे सर्जनला सांगता आलं नाही. मी तो प्रश्न अजून धरून आहे.

२२ मेला सेतू एफसीनं मणिपूर पोलिसांना ३-१ हरवून लीग जिंकली. ती घरी पाय उशीवर ठेवून मोबाइलवर बघत होती, मधेच मला गोलांचे मेसेज टाकत होती. जूनअखेर शस्त्रक्रिया झाली. परत खेळायला कमीत कमी नऊ महिने, मी सांगितलं. तिनं बोटांवर मोजलं, मार्च. पुढची लीग बंगळुरूला १४ फेब्रुवारी २०२० ला संपली. मार्चमध्ये कोरोना आला आणि त्यानंतरची लीग भरली ती थेट एप्रिल २०२२ मध्ये, भुवनेश्वरला.

तिथे मी दुसऱ्याच संघाबरोबर होते. सरावाच्या मैदानाबाहेर ती दिसली. केस कापलेले, खांदे भरलेले, दुसऱ्या क्लबची जर्सी. मी काही बोलायच्या आत पायरीवर बसली, पाय पुढे केला.

उजवा नव्हे, डावा.

‘दीदी, पहले ये वाला.’