दडपंडित

आठवीत विज्ञानाच्या सरांनी ऑक्सिजनचा धडा सुरू केला तो एका चुकीपासून. लव्हाझिएने हे नाव ठेवलं, त्याचा अर्थ ‘आम्ल निर्माण करणारा’. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी त्याची समजूत होती. हायड्रोक्लोरिक आम्लात तो नसतो, हे पुढे १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने दाखवलं. समजूत गेली, नाव राहिलं. “आपला प्राणवायू बघा, निदान खोटं तरी बोलत नाही,” असं म्हणून सर मिशीत हसले.

त्याच आठवड्यात इतिहासाच्या बाईंनी राजव्यवहारकोश शिकवला. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द आणवले. सुरनीसाचा सचिव झाला, डबीराचा सुमंत. सचिव आजही कामावर आहे. पेशव्यांच्या शिक्क्यात मात्र ‘मुख्य प्रधान’ असूनही लोकांनी त्यांना पेशवेच म्हटलं. असं का, हे मी विचारलं नाही. मी विचारत नसेच.

शनिवारी सरांनी प्रत्येकाला एक नवा शब्द घडवून आणायला सांगितलं. मी स्टेपलरला ‘कागदटाच्या’ केलं आणि पंधरा दिवस एकटाच म्हणत राहिलो. ऑफिसातल्या शिपाईकाकांकडे कागदटाच्या मागितला, तर त्यांनी टाचणीची डबी पुढे केली. माझ्या बाकावरच्या मित्राने वस्तूला हातच लावला नाही. उत्तर येत असूनही हात वर न करणारा जो मुलगा प्रत्येक वर्गात असतो, त्याला त्याने ‘दडपंडित’ म्हटलं. वर्ग हसला आणि माझ्याकडे वळला.

स्टेपलरला नाव होतं, माझ्या शब्दावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. पण त्या मुलाला तोवर नावच नव्हतं. मधल्या सुट्टीपर्यंत शब्द ‘ब’ तुकडीत गेला, आणि सहामाहीनंतर बाईंनी तो चक्क पालकसभेत वापरला. (माझ्याच वडिलांसमोर.) महिनाभर राग आला. मग हात वर करू लागलो, बहुधा त्या शब्दाला खोटं पाडायला.

या स्मरणिकेसाठी सरांचा फोन आला तेव्हा मुदत उलटून चार दिवस झाले होते. नमस्कार-चमत्कार काही नाही. म्हणाले, “लेख कुठंय रे, दडपंडिता?”